सोआवेची साधी वाइन

भाऊ,

परवा तुमच्या शोकसभेत चार जण बोलले. पहिल्या तिघांनी तुमच्या इटलीच्या वाइनचा उल्लेख केला आणि तिघांनीही ती महागडी होती असंच सांगितलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. युनियनचे पांडेजी तर डोळे पुसत म्हणाले, "शौकीन आदमी थे हमारे भाऊ. इटली गए तो इटली की महँगी वाली ही पी. प्रमोशन गया तो गया, मुस्कुराते रहे." लोक थोडे हसले, मग सभा आठवून गप्प झाले. चौथा मी होतो.

मी तुमच्या हाताबद्दल बोललो. घासलेल्या लोखंडावरून नुसतं बोट फिरवून तुम्ही किती मायक्रॉन जास्त आहे ते सांगायचात, आणि मग गेज लावलं की सुई तिथंच थांबायची, हे सांगितलं. टाळ्या नको होत्या तरी दोन-तीन जणांनी वाजवल्या. वाइनबद्दल मी बोललो नाही. खाली येऊन बसलो तेव्हा शेजारच्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याला वाटलं, मला रडू येतंय.

ती वाइन महागडी नव्हती. कारखान्यातून त्या कामासाठी इटलीला आपण दोघंच गेलो होतो, म्हणजे हे छातीवर हात ठेवून सांगू शकणारी जबलपुरात दोनच माणसं होती. आता एकच उरला आहे आणि तो माईकसमोर उभा राहूनही बोलला नाही. म्हणून हे आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लिहितो आहे. उशीर झाला आहे, हे मला कुणी सांगायला नको.

तुम्ही टूलरूमचे फोरमन होता, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. मी पस्तिशीचा, कागदपत्रांत बरा, मशीनवर जेमतेम. कारखान्यासाठी एक ग्राइंडिंग मशीन येणार होतं आणि ते निघण्याआधी तिथं जाऊन तपासायचं होतं. बनवणारी फॅक्टरी लहान होती, वेरोना शहराच्या पूर्वेला, सोआवे नावाच्या गावाजवळ. आपण पोचलो तो ऑक्टोबर. सकाळी धुकं, दुपारी ऊन, आणि रस्त्यावर द्राक्षांनी भरलेल्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. तुम्ही म्हणालात, "अरे, हा तर उसाचा सीझन वाटून राहिला."

आसपास खानावळ नव्हती, म्हणून दुपारचं जेवण फॅक्टरीच्या कँटीनमध्ये. लांब टेबलं, निळ्या कपड्यांतले कामगार, आणि प्रत्येक टेबलावर दोन काचेचे जग. एकात पाणी. दुसऱ्यात फिकट पिवळं, ऊन लागलं की किंचित हिरवट दिसणारं काहीतरी. पहिल्या दिवशी आपल्यासाठी बिनमांसाचं म्हणून घेवड्याच्या दाण्यांची दाट आमटी आली, तिच्यात पास्त्याचे तुकडे शिजवलेले. तुम्ही चमचा घातला आणि मोठ्यानं म्हणालात, "सुधीर, हे तर वरणफळ झालं! एवढ्या दूर येऊन वरणफळ!" सगळी कँटीन आपल्याकडे बघायला लागली.

मग तुम्ही दुसरा जग उचललात. मी तुमचा हात धरला.

"भाऊ, नियम आहे. पुरवठादाराचा पाहुणचार घ्यायचा नाही."

"हा पाहुणचार होय का? तो झाडू मारणारा बुढा बघ. तोही तेच पिऊन राहिला."

"तरी पण."

"तू पाणी पी. तुझ्या आईला मला तोंड दाखवायचं आहे."

चार दिवस मी पाणी प्यायलो. तुम्ही रोज एक ग्लास, कधी दीड, आणि जेवण झाल्यावर सरळ मशीनपाशी. तुमच्या घरात वहिनी चातुर्मासात कांदासुद्धा येऊ देत नसत. तुम्हाला मी त्याआधी लग्नाच्या पार्टीतही ग्लास हातात धरलेलं पाहिलं नव्हतं. तिथं मात्र तुम्ही इतक्या सहज प्यायचात, की जणू ताक आहे. मला आधी राग आला, मग हेवा वाटला. पाचव्या दिवशी मी माझा ग्लास पुढं केला. तुम्ही फक्त ओतलंत, अर्धा.

चव अजून आठवते. आधी लिंबाच्या सालीसारखा वास, कुठल्यातरी पांढऱ्या फुलाचाही. मग तोंडात फार काही घडत नाही. पिकायला आलेल्या पेअरसारखं, पातळ, थंड. मी म्हणणार होतो की यात काय आहे. तेवढ्यात गिळून झाल्यावर जिभेच्या मागं कडसर काहीतरी राहिलं.

"आलं?" तुम्ही विचारलंत.

"कडू लागतंय."

"कडू बदाम. तीच तर गंमत आहे. उगाच गोड बोलून जात नाही ती."

आपल्या मशीनवर काम करणारा रेंझो तिथं शेजारी बसायचा. त्याचं इंग्रजी तुमच्याइतकंच मोडकं, त्यामुळे तुमचं दोघांचं फार जमलं. हातांनी, चमच्यांनी, मिठाच्या डबीनं तुम्ही बोलायचात. त्याच्या घरची टेकडीवर थोडी द्राक्षं होती. रविवारी तो आपल्याला त्याच्या लहानशा गाडीतून घेऊन गेला. मी मागं बसलो होतो, गुडघे हनुवटीला लागत होते, आणि मला तो दिवस आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी एक वाटला होता.

सोआवेला जुनी तटबंदी आहे. गावाभोवतून निघून ती टेकडीवर चढते आणि वर किल्ल्याला जाऊन मिळते. तटाच्या बाहेर जिकडं बघावं तिकडं द्राक्षांचे मांडव. खोड माणसाच्या डोक्याइतकं सरळ वर जातं, मग फांद्या तारांवर आडव्या पसरतात आणि घड खाली सावलीत लोंबतात. गार्गानेगा त्या द्राक्षाचं नाव. लांब, सैल घड, जाड सालीची सोनेरी द्राक्षं, उशिरा पिकणारी. रेंझोनं पायाखालची माती उचलून तुमच्या हातावर ठेवली आणि दोन्ही हात वर उडवून तोंडानं स्फोटाचा आवाज केला. ज्वालामुखी. माती काळी होती. तुम्ही ती बोटांत चुरडलीत.

"सुधीर, ही आपली माती आहे रे. अकोल्याकडं आमच्या शेतात हीच."

मग त्यानं पश्चिमेकडची टेकडी दाखवली, तिथं जमीन पांढरट, चुनखडीची. तुम्ही म्हणालात, "म्हणजे भेडाघाटचा पांढरा दगड आणि काळी जमीन, दोन्ही यांच्याकडं आहे. आणि आपण जबलपुरात काय लावलं? मटार."

खाली सपाटीवर गावातल्या शेतकऱ्यांची सहकारी वाइनरी होती. छोटे शेतकरी द्राक्षं तिथं आणून टाकतात, वाइन सगळ्यांची मिळून होते. बाहेर लोक मोठमोठे काचेचे बुधले घेऊन रांगेत उभे होते. पेट्रोल पंपावर असते तशी नळी, तिच्यातून बुधल्यात वाइन. एक आजी दोन बुधले घेऊन आली होती, आपल्याकडं लोक रॉकेलला उभे राहायचे तशी. रेंझोनं समजावलं की टेकडीवरची वाइन निराळी, बाटलीत जाते, तिला जास्त पैसे मिळतात. सपाटीवर पीक भरपूर येतं, वाइन पातळ होते, आणि कँटीनच्या जगात असते ती हीच. बाटलीबंद पाण्यापेक्षाही स्वस्त पडते, म्हणाला. ती मुरवायचीही नसते. वर्ष-दोन वर्षांत संपवायची, तोवर नवी येते. एके काळी या सपाटीवरच्या वाइनचा परदेशात इतका पूर आला की सोआवे म्हटलं की लोक नाक मुरडायला लागले, हे सांगताना तो खरोखर दुखावलेला दिसला. तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवलात आणि मला मराठीत म्हणालात, "बिचारीचं नाव उगाच खराब झालं."

हे सगळं मी का लिहितोय? कारण हे सगळं मला माहीत होतं, भाऊ. ती कुठून येते, कोण पितं, किती साधी असते, हे मला तुमच्याइतकंच माहीत होतं.

दुसऱ्या आठवड्यात तुम्ही मशीन नापास केलंत. स्पिंडल, म्हणजे मशीनचा मुख्य दांडा, फिरताना डगमगत होता, केसाच्या कितीतरी बारीक अंशानं, पण करारात लिहिलं होतं त्याहून जास्त. त्यांच्या मॅनेजरनं सांगितलं की इतकं चालतं, बाकीच्या देशांनी घेतलं आहे. तुम्ही म्हणालात, "इंडिया, नो." त्यांनी बेअरिंग उघडलं, बदललं. तुम्ही पुन्हा नापास केलंत. तिसऱ्यांदा पास झालं. आपलं परतीचं तिकीट दहा दिवस पुढं ढकलावं लागलं. नापास केल्या दिवशी दुपारी मला वाटलं होतं, आज आपल्या टेबलावर जग येणार नाही. आला. रेंझोनं स्वतः ओतलं.

"बघ," तुम्ही म्हणालात, "यांचं मशीन आपण फेकलं तरी जग येतोच. याला पाहुणचार नाही म्हणत. जेवण म्हणतात."

निघायच्या दिवशी रेंझोनं टेकडीवरच्या वाइनची बाटली कागदात गुंडाळून आणली. तुम्ही ती दोन्ही हातांनी कपाळाला लावलीत आणि त्याच्या हातात परत दिलीत. "टेबल, यस. बॅग, नो." त्याला कळलं. मी तेव्हा तुमच्यावर मनातून चिडलो होतो. बाटली मला हवी होती.

चार महिन्यांनी निनावी अर्ज आला. कोणी केला, हे आजवर कळलं नाही. तपासणीस गेलेल्या अधिकाऱ्याने पुरवठादाराच्या खर्चाने रोज विदेशी मदिरेचे सेवन केले, असं त्यात होतं. तुम्हाला त्या दोन शब्दांचं हसू आलं. "विदेशी मदिरा! दुकानावर पाटी असते तशी. अरे, त्यांच्याकडं ती देशीच ना!" पण चौकशी लागली. तुमची बढती त्याच महिन्यात व्हायची होती, यादीत नाव होतं.

मला जबाबाला बोलावलं, त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही स्कूटरवर मला मदन महालच्या टेकडीवर घेऊन गेलात. दुपारी चारची वेळ. तुम्ही स्कूटर लावून खडकावर बसलात. मग म्हणालात, "उद्या तू सांग, तू पाणी प्यायला."

"पण भाऊ, मी तर..."

"पहिले चार दिवस पाणीच प्यायला ना? तेवढंच सांग. मी लिहून दिलं आहे, सुधीर पाणी पीत होता म्हणून."

"काहून असं केलं तुम्ही?"

"दोघांनी कशाला बुडायचं? तुझी नवी पोस्टिंग आहे. पोरगी दोन महिन्यांची."

तेव्हा मी भांडायला हवं होतं. मी म्हणालो, "बरं."

"पण एक काम कर माझं. ती काय वाइन होती, ते सांग त्यांना. कँटीनची. सगळ्यांच्या टेबलावरची. त्या झाडूवाल्यापासून मॅनेजरपर्यंत. मी सांगतो तर म्हणतात, ज्याच्यावर आरोप आहे तो असंच बोलणार. तू सांगशील तर मानतील."

"सांगतो ना."

"नक्की?"

"भाऊ, काय बोलता तुम्ही! नक्की."

तुम्ही माझ्या पाठीत एक धपाटा घातलात. "चलो. चहा पिऊ."

चौकशी अधिकारी बाहेरून आले होते. सभ्य माणूस, तोंडात वेलची, मऊ आवाज. बाजूला टायपिस्ट. मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"आपके साथी ने फर्म की दी हुई इटालियन वाइन पी?"

"जी."

"रोज़?"

"जी. लंच में."

"और आपने?"

"पानी, सर."

मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं नीट बघितलं. मला वाटतं, त्यांना तुम्हाला वाचवायचं होतं. त्यांनी विचारलं, "वाइन कैसी थी? महँगी थी, मामूली थी? वहाँ आम तौर पर पी जाती है क्या? आप साथ थे, कुछ बता सकते हैं?"

भाऊ, दार एवढं सताड उघडं होतं. मला एकच वाक्य बोलायचं होतं. त्यासाठी मी प्यायलो होतो हे कबूल करायचीही गरज नव्हती. कँटीनमध्ये बसलेला आंधळाही सांगू शकला असता. पण माझ्या डोक्यात त्या क्षणी पुढचे प्रश्न रांगेनं उभे राहिले. सगळे पितात हे ठीक, पण ती स्वस्त आहे हे तुम्हाला कसं कळलं? कुणी सांगितलं? रविवारी कुठं गेला होता? कुणाच्या गाडीतून? गाडीतून गेलो म्हणजे तोही पाहुणचार, आणि त्यात मीही होतो. हे सगळं बहुधा दोन श्वासांत झालं असेल.

मी म्हणालो, "मुझे जानकारी नहीं, सर."

टायपिस्टनं टाइप केलं. मी सही केली. बाहेर आलो तर तुम्ही कॉरिडॉरच्या टोकाला उभे होता. तुम्ही भुवया वर केल्यात. मी मान हलवली. होकाराची.

मी स्वतःला नंतर पुष्कळ गोष्टी सांगितल्या. मुलगी लहान होती, आईची शस्त्रक्रिया होती, एका वाक्यानं काय झालं असतं. कदाचित खरंच काही झालं नसतं. तरी तुम्हाला जो कागद मिळाला त्यात लिहिलेलं होतं की पुरवठादाराच्या खर्चाने घेतलेल्या मद्याचं मूल्य किरकोळ होतं, या बचावाला सोबतच्या साक्षीदाराने दुजोरा दिलेला नाही. ठपका बसला, बढती गेली. ज्याच्यावर चौकशी असते त्याला सगळ्या जबाबांच्या प्रती मिळतात. माझ्या जबाबाचीही तुम्हाला मिळाली असणार. म्हणजे माझी मान कशासाठी हलली होती, ते तुम्हाला पंधरा दिवसांत कळलं होतं.

तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. सतरा वर्षांत एकदाही नाही. मी वाट बघायचो. दर रविवारी आपल्या जबलपुरातल्याच गोरखपूर भागात तुमच्या घरी चहाला येताना मला वाटायचं, आज विचारतील. तुम्ही मुलीच्या शाळेबद्दल विचारायचात, आईच्या गुडघ्यांबद्दल विचारायचात. मशीनबद्दल विचारायचात. एका रविवारी मी आलोच नाही, तर तुम्ही संध्याकाळी स्कूटर काढून बघायला आलात की बरा आहे ना. इतक्या चांगल्या माणसाजवळ राहणं फार कठीण असतं, भाऊ. तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या तर मी तुमच्या पाया पडून मोकळा झालो असतो.

तीन वर्षांनी मला बढती मिळाली आणि टूलरूमचं मशीन माझ्या हाताखाली आलं. तुम्ही कमानिया गेटपासून गरम खव्याची जिलेबी घेऊन आलात. दारातूनच ओरडलात, "वहिनी, ताट आणा!" माझ्या बायकोला तुम्ही वहिनी म्हणायचात, तुमच्याहून कितीतरी लहान असून. पहिला तुकडा माझ्या तोंडात तुम्ही घातलात. "मशीन सांभाळ आता. त्याचा स्पिंडल मी दोनदा उघडायला लावला आहे, कुणाला हात लावू देऊ नको." मी खाल्ली ती जिलेबी. छान लागली असं म्हणालो.

कारखान्यात तुमचं नाव 'इटालियन भाऊ' पडलं. प्रेमानंच म्हणायचे. पण एकदा भेडाघाटच्या सहलीत कुणीतरी सरबताचा ग्लास तुमच्यापुढं धरून म्हणालं, "भाऊ, माफ करना, आज इटली वाली नहीं है." सगळे हसले. मीही हसलो. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत, सरबत घेतलंत आणि म्हणालात, "कोई बात नहीं, यह भी ठीक है." ती थट्टा माझ्याच जबाबातून आली होती, हे मी कुणापाशीही कधी बोललो नाही.

दोन वर्षांपूर्वी, तुमच्या निवृत्तीच्या थोडं आधी, गोरखपुरातल्या एका दुकानाच्या वरच्या फळीवर तुम्हाला सोआवेची बाटली दिसली. तुम्ही मला फोन करून बोलावलंत, चष्मा लावून लेबल वाचून दाखवलंत. गार्गानेगा लिहिलं होतं. किल्ल्याचं चित्र होतं.

"कितीची आहे भैया?"

दुकानदारानं किंमत सांगितली. तुम्ही बाटली परत फळीवर ठेवलीत आणि हसलात. तुमचं ते हसू खोटं नव्हतं. "जहाजाचं भाडं, सरकारचा टॅक्स. घे, झाली एकदाची महाग. चौकशीवाल्यांचं खरं ठरलं, थोडा उशीर झाला इतकंच."

मी तुमच्या शेजारी उभा होतो. तुम्ही पहिल्यांदाच तो विषय काढला होता, स्वतःहून. मला आज वाटतं, तुम्ही मला जागा करून दिली होती. मी म्हणालो, "भाऊ, थंडी वाढली आहे. निघू या." वाटेत तुम्ही माझ्याशी वाद घातलात की स्वस्त म्हणजे हलकी नव्हे, ज्या वस्तूवर रोजचं जेवण उभं असतं ती स्वस्तच असायला हवी. मी म्हणालो, भाऊ, पण टेकडीवरची चांगली असेलच ना. तुम्ही म्हणालात, असेल, पण ती आपण कुठं प्यायलो! तो वाद तिथंच राहिला.

या डिसेंबरात तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा मी रोज आलो. शेवटच्या आदल्या दिवशी तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "मशीन?" मी सांगितलं, अजून मायक्रॉनमध्ये आहे. तुम्ही मान हलवली. खोलीत आपण दोघंच होतो. मी तोंड उघडलं होतं, हे शपथेवर सांगतो. तेवढ्यात नर्स सलाईन बदलायला आली आणि मला बरं वाटलं. कुणीतरी आलं म्हणून मला बरं वाटलं, भाऊ.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी गेलो. तेरावं होऊन गेलं होतं, पाहुणे बरेच पांगले होते. वहिनी पुढच्या खोलीत मटार सोलत बसल्या होत्या, परात मांडीवर. मी खाली सतरंजीवर बसलो आणि म्हणालो, "वहिनी, काल सभेत सगळे म्हणाले ना, महागडी वाइन..."

"म्हणू द्या हो. आता काय."

"ती महागडी नव्हती."

त्यांचा हात थांबला नाही. "हेही असंच म्हणायचे. 'अगं, कँटीनची होती, झाडूवाला पण प्यायचा.' मी फार भांडले हो त्यांच्याशी, भाऊजी. नोकरीची गोष्ट होती, तिथं जाऊन महागाची चैन कशाला? हे म्हणायचे, साधी होती. मी म्हणायची, साधी असती तर सुधीरभाऊजींनी साहेबांना सांगितलं नसतं का? ते तर सोबत होते. ते काय खोटं बोलतील?"

"मग भाऊ काय म्हणायचे?"

"म्हणायचे, त्याला कुणी विचारलंच नसेल."

दाणे परातीत पडत होते.

"दरवेळी तेच," वहिनी म्हणाल्या. "विचारलंच नसेल. मग मी बोलणं सोडलं. पण तुम्हाला खरं सांगते, मानलं नाही मी कधीच. सतरा वर्षं मनात ठेवलं, की हा माणूस माझ्याशी खोटं बोलला." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "खरंच साधी होती?"

"साधी होती वहिनी. मीही प्यायलो होतो." मी परातीकडं बघत होतो. "आणि मला विचारलं होतं."

त्यांना लगेच कळलं नाही. मग कळलं. हातातली शेंग त्यांनी न सोलताच परातीत ठेवली, परात बाजूला सरकवली, भिंतीला हात लावून उठल्या आणि आत गेल्या. मी बसून राहिलो. आतून रडण्याचा आवाज येईल असं वाटलं होतं. काहीच आलं नाही. बऱ्याच वेळानं तुमची लेक मुक्ता बाहेर आली. पुण्याहून आलेली आहे, अजून थांबली आहे. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "काका, आई म्हणतेय... अभी आप जाइए."

मी चपला घातल्या. फाटक मीच उघडलं आणि मीच लावलं. तुमच्या घरून निघताना फाटकापर्यंत कुणी सोडायला आलं नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं.